अद्भुताचे कायदे: आशियाई लोककथांवरच्या कादंबऱ्या कशा निवडाव्यात

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानातले फँटसीचे कपाट गेल्या दहा-पंधरा वर्षांत पार बदलले आहे. युरोपातले किल्ले, बुटके आणि जादूगार यांच्या शेजारी आता स्त्रीचे रूप घेणाऱ्या चिनी कोल्हिणी, मलायातले नरव्याघ्र, कोरियाचा समुद्रदेव, जपानी वळणाची जलदैवते आणि आपल्याकडचे यक्ष-राक्षस येऊन बसले आहेत. वाचकाला आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे, पण तिच्याबरोबर एक अडचणही येते. मुखपृष्ठावरचा ड्रॅगन आणि मलपृष्ठावरचा ‘प्राचीन दंतकथेवर आधारित’ हा शेरा चांगल्या पुस्तकावर असतो तसाच सुमार पुस्तकावरही असतो. त्यावरून आत काय आहे हे कळत नाही. या प्रकरणात काही कादंबऱ्यांची शिफारस करायची आहे, पण नुसती यादी लवकर शिळी होते. म्हणून शिफारशीबरोबर निवडीची एक कसोटीही मांडतो, आणि ती याच पुस्तकांवर लावून पाहू.

प्रत्येक समाजाच्या लोककथेत अद्भुताचे काही कायदे असतात. जिवंत माणसे मेलेल्यांचे काय देणे लागतात, गावाच्या सीमेवर राखण करणाऱ्या दैवताला काय द्यावे लागते, शब्द मोडला तर कोणती शिक्षा होते, दुसऱ्या लोकातले अन्न खाल्ले तर परत येता येते का, या प्रश्नांची उत्तरे त्या समाजाने पिढ्यान् पिढ्या घोटून ठरवलेली असतात. ज्या कादंबरीचे कथानक या कायद्यांवर चालते ती खऱ्या अर्थाने त्या लोककथेतून जन्मलेली असते. जिच्यात कोल्हीण, ड्रॅगन आणि रेशमी पोशाख आहेत, पण ते काढून त्यांच्या जागी परी, घोडा आणि चिलखत घातले तरी गोष्ट जशीच्या तशी पुढे जाते, तिथे लोककथा केवळ सजावटीपुरती आलेली असते. तेव्हा पुस्तक चाळताना विचारायचा प्रश्न एकच: यातले भूत, दैवत किंवा प्राणी कोणत्या नियमाने बांधलेला आहे, आणि नायक-नायिकेची कोंडी त्याच नियमातून झाली आहे का?

ही कसोटी बाहेरून लादलेली नाही. आशियातले जुने अद्भुत साहित्य नेमके असेच रचलेले आहे. मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण वेताळपंचविशीचे. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिले तर डोके फुटेल, आणि बोलले तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. सगळा ग्रंथ या एका अटीवर उभा आहे. ती अट काढली तर पंचवीस सुट्या गोष्टी उरतात. राजाची बुद्धी, त्याचा न्याय आणि त्याची चिकाटी या तिन्हींची परीक्षा एकाच वेळी होते ती त्या अटीमुळे. या कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त घेतल्या. त्याचे मूळ असलेली ‘बृहत्कथा’ गुणाढ्याने पैशाची भाषेत रचली असे परंपरा सांगते, आणि गुणाढ्याचे नाव ती प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाशी जोडते. ज्या कथासागराची दंतकथा गोदावरीकाठी येऊन पोहोचते, त्याची अद्भुत रचण्याची पद्धत आपल्या ओळखीची असावी यात नवल नाही.

चीनमध्येही हेच दिसते. 1592 साली छापल्या गेलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या शंभर प्रकरणांच्या कादंबरीत सुन वुखोंग हा बंडखोर वानर एका बौद्ध भिक्षूला भारतात नेतो आणि धर्मग्रंथ घेऊन परत आणतो. वानराची ताकद अफाट आहे, म्हणून त्याच्या डोक्यावर सोन्याचे कडे बसवलेले आहे. भिक्षूने मंत्र म्हटला की ते आवळते. गुरू दुबळा आणि शिष्य बलाढ्य असूनही आज्ञा गुरूची चालते, ती या कड्यामुळे. प्रवासाच्या शेवटी देव हिशेब तपासतात तेव्हा संकटांची संख्या 80 भरते. यात्रा पूर्ण व्हायला 81 संकटे हवीत, म्हणून ग्रंथ घेऊन परतणाऱ्या यात्रेकरूंना आणखी एका संकटात ढकलले जाते. कायद्यापुढे पुण्यवानालाही सूट नाही, हे इतक्या ठामपणे सांगणारा प्रसंग जागतिक साहित्यात विरळा. या कादंबरीतला भिक्षू ज्याच्यावरून घेतला तो ह्युएन त्संग सातव्या शतकात खरोखर भारतात आला होता. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचे आणि इथल्या मानी, उपकार स्मरणाऱ्या व अपमान न विसरणाऱ्या लोकांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. आर्थर वेली यांचा 1942 चा ‘मंकी’ किंवा जूलिया लव्हेल यांचा 2021 चा ‘मंकी किंग’ हे संक्षिप्त इंग्रजी अनुवाद सुरुवातीला पुरेसे आहेत. पुढच्या सगळ्या वाचनाचा पाया म्हणून यांतला एक आधी वाचावा.

आता आजच्या कादंबऱ्यांकडे येऊ. माझी पहिली शिफारस यांगत्सी चू यांची ‘द घोस्ट ब्राइड’ (2013). काळ 1893, जागा इंग्रजांच्या ताब्यातले मलाक्का बंदर. ली लान ही एका चिनी घराण्यातली मुलगी आहे. वडील अफूच्या आहारी गेले आहेत आणि घर कर्जात बुडाले आहे. अशा वेळी श्रीमंत लिम घराण्याकडून तिला मागणी येते, पण नवरामुलगा मेलेला आहे. अविवाहित मेलेल्या मुलाचे लग्न लावून त्याच्या आत्म्याला शांत करण्याची प्रथा चिनी समाजात खरोखर होती. या प्रथेमागचा कायदा स्पष्ट आहे: मृताला परलोकात जे लागते ते जिवंत नातलगांनी पुरवायचे असते. कागदाचे पैसे, कागदाची घरे, कागदाचे नोकर-चाकर इथे जाळले की ते तिथे पोहोचतात. ज्याच्या मागे कोणी नाही तो तिथे उपाशी फिरतो.

कादंबरीकर्तीने या कायद्याचे काय केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. ली लानचा आत्मा शरीरापासून सुटतो आणि ती मृतांच्या प्रदेशात जाते. तिथे लिमांच्या मुलाचा थाट मोठा आहे, कारण इकडे त्याच्या घरचे त्याच्या नावाने सतत काही ना काही जाळत आहेत. म्हणजे मलाक्कातली श्रीमंती आणि गरिबी मेल्यानंतरही संपत नाही, ती धुराच्या वाटेने परलोकात जाते. तिथेही लाच आहे, अधिकारी आहेत, न्यायालय आहे. कर्जबाजारी बापाच्या मुलीला इथे जी असहायता वाटते तीच तिथे तिला पुन्हा भेटते, आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट तिला त्याच कायद्यांतून शोधावी लागते. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल याचा शोध घरातले लोक घेऊ लागतात. मलाक्कातली रीत वेगळी असली तरी देण्याघेण्याचा धागा मृत्यूने तुटत नाही ही समजूत दोन्हीकडे आहे, आणि कथानक त्याच समजुतीवर चालते.

याच लेखिकेची ‘द नाइट टायगर’ (2019) तेवढीच चांगली आहे. 1931 सालच्या मलायात रेन नावाचा अकरा वर्षांचा पोऱ्या आपल्या मेलेल्या इंग्रज मालकाचे कापलेले बोट शोधायला निघतो. चिनी बौद्ध समजुतीप्रमाणे मृत्यूनंतर 49 दिवस आत्मा भटकतो. तेवढ्या मुदतीत बोट परत आणून पुरले नाही तर मालकाला शांती मिळणार नाही. त्या भागात वाघाने माणसे मारल्याच्या बातम्या येत आहेत, आणि माणसाचा वाघ होतो ही मलायातली जुनी श्रद्धा मुलाच्या मनात घर करून बसली आहे. रहस्यकथेत खुनी कधी सापडेल याची जी धाकधूक असते ती इथे त्या 49 दिवसांमुळे निर्माण होते. लेखिकेने मुदत स्वतःच्या सोयीने ठरवली असती तर ती युक्ती वाटली असती. मुलाच्या श्रद्धेतून आल्यामुळे तिला वजन आले आहे, कारण मुदत चुकली तर एका जिवाचा घात होईल असे मुलाला मनापासून वाटते.

झेन चो यांची ‘ब्लॅक वॉटर सिस्टर’ (2021) ही आजच्या काळात घडते. जेस ही अमेरिकेत शिकलेली मुलगी आईवडिलांबरोबर मलेशियातल्या पेनांगला परत येते आणि तिला मेलेल्या आजीचा आवाज ऐकू येऊ लागतो. ही आजी हयातीत एका स्थानिक देवीचे वारे अंगात घेत असे. देवीचे ठाणे पाडून तिथे बांधकाम करायला एक गब्बर बिल्डर निघाला आहे आणि आजीला नातीच्या शरीराचा उपयोग करून तो हिशेब चुकता करायचा आहे. इथला कायदा अंगात येण्याचा आहे. दैवताला जगात काही करायचे तर माणसाचे शरीर लागते, आणि एकदा दिलेले शरीर सहजासहजी परत मिळत नाही. जेसने आपले एका मुलीवरचे प्रेम घरच्यांपासून लपवले आहे. तिच्या आयुष्यावर तिचा स्वतःचा हक्क किती आणि घराण्याचा किती, हा तिचा प्रश्न देवीच्या प्रश्नाशी जाऊन मिळतो. कोकणात आणि गोव्यात राखणदाराला, देवचाराला रोट आणि विडी ठेवणाऱ्या, देवळात गाऱ्हाणे घालणाऱ्या आणि अवसरी देवाशी बोलणाऱ्या माणसांना ही देवी परकी वाटणार नाही. जमीन, बिल्डर आणि जागेवाला देव यांचा झगडा तर आपल्या किनारपट्टीवर रोजचा झाला आहे.

अनुवादित पुस्तकांत पहिला मान नाहोको उएहाशी यांच्या ‘मोरिबितो: गार्डियन ऑफ द स्पिरिट’ला द्यावा लागेल. जपानीत ती 1996 साली आली आणि कॅथी हिरानो यांचा इंग्रजी अनुवाद 2008 साली. उएहाशी स्वतः मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत, त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये काम केले आहे, आणि बालसाहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार त्यांना 2014 साली मिळाला. त्यांचा देश काल्पनिक आहे, पण त्यातली अद्भुताची व्यवस्था कोणत्याही खऱ्या समाजाइतकी सुसंगत आहे. तिशीची बाल्सा ही भालाईत स्त्री पैसे घेऊन लोकांचे रक्षण करते. राजाच्या धाकट्या मुलाला, चागुमला, तिने वाचवायचे आहे, कारण त्याच्या अंगात एका जलदैवताचे अंडे वाढू लागले आहे आणि राजवंशाला बट्टा लागू नये म्हणून बापच त्याला मारायला निघाला आहे.

या राज्याची अधिकृत कथा सांगते की पहिल्या राजाने एका जलराक्षसाचा वध करून हा देश वसवला. राज्य येण्याच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या याकू लोकांची स्मृती वेगळी आहे: तो राक्षस नव्हताच, शंभर वर्षांतून एकदा अंडे घालणारे पाऊस-पाण्याचे दैवत होते, आणि ते अंडे जगले नाही तर दुष्काळ पडतो. म्हणजे राजाने ज्या गोष्टीचा वध केल्याचा गौरव चालला आहे, ती जगवण्यावरच देशाची शेती अवलंबून आहे. पण याकू आता जेत्यांत मिसळून गेले आहेत आणि त्यांचे ज्ञान जवळजवळ बुजले आहे. ते उरले आहे उन्हाळ्यातल्या एका गावजत्रेत आणि तिथल्या गाण्यात, ज्याचा अर्थ गाणाऱ्यांनाही नीट ठाऊक नाही. एकीकडे राजदरबारातला एक तरुण ज्योतिषी जुन्या शिलालेखांत उत्तर शोधतो, दुसरीकडे बाल्सा आणि तिचे सोबती ते लोकांच्या आठवणीत शोधतात. लोकगीत, उत्सव आणि राखणीचे विधी हे इथे रंग भरण्यासाठी आलेले नाहीत, त्यांत मुलाचा जीव वाचवण्याची माहिती साठवलेली आहे. लोककथेचे महत्त्व सांगणारी इतकी नेमकी कादंबरी माझ्या माहितीत दुसरी नाही, आणि बारा-तेरा वर्षांच्या वाचकालाही ती निर्धास्तपणे देता येते.

कमी वेळात या सगळ्याची चव घ्यायची असेल तर न्गी व्हो यांची ‘व्हेन द टायगर केम डाउन द माउंटन’ (2020) ही लघुकादंबरी घ्यावी. कथा गोळा करत फिरणारा चीह हा मठवासी डोंगरात तीन वाघिणींच्या तावडीत सापडतो. या वाघिणी बोलतात आणि माणसाचे रूपही घेतात. मदत येईपर्यंत जीव वाचवायचा म्हणून चीह त्यांना एक वाघीण आणि एक विद्वान स्त्री यांच्या प्रेमाची गोष्ट सांगू लागतो. ती माणसांत प्रचलित असलेली गोष्ट आहे. वाघिणी मध्येच अडवतात, चूक काढतात आणि आपल्यात चालत आलेली गोष्ट सांगतात. गोष्ट ज्याची, त्याच्यासमोर ती सांगायची वेळ आली तर काय होते, हे इथे जीव टांगणीला लावून दाखवले आहे. याच मालिकेतली पहिली ‘द एम्प्रेस ऑफ सॉल्ट अँड फॉर्च्यून’ हिला 2021 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिच्यात एका राणीची कहाणी तिच्या दासीच्या तोंडून आणि मागे उरलेल्या साध्या वस्तूंवरून उलगडत जाते.

कसोटी लावली की काही लोकप्रिय पुस्तके अर्ध्यावर थांबलेली दिसतात. सू लिन टान यांच्या ‘डॉटर ऑफ द मून गॉडेस’ (2022) मध्ये चांग-अ या चंद्रदेवतेची कथा आहे. दहापैकी नऊ सूर्य बाणांनी पाडणाऱ्या वीराची ही बायको अमृत पिते आणि चंद्रावर जाते, आणि चिनी लोक शरदातल्या पौर्णिमेला तिची आठवण काढतात. कादंबरीतली तिची मुलगी आईच्या सुटकेसाठी स्वर्गाच्या राजधानीत जाते, तिथे धनुर्विद्या शिकते, युवराजाच्या प्रेमात पडते, पराक्रम करते. आरंभाची ओढ दंतकथेतून आली आहे आणि वाचायला पुस्तक गोड आहे, पण मधला मोठा भाग प्रशिक्षण, स्पर्धा आणि प्रेमाचा पेच या कुठल्याही देशात बसवता येणाऱ्या साच्यावर चालतो. चंद्रावरच्या एकाकीपणाचा, अमरत्वाच्या किमतीचा जो कठोर नियम मूळ कथेत आहे त्याचा दाब मधल्या प्रसंगांवर फारसा पडत नाही. तरुण वाचकाने इथून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र आशियाई फँटसी म्हणजे एवढेच अशी समजूत करून घेऊन इथेच थांबू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही कसोटी कादंबरीला लोकसाहित्याची नोंदवही बनवते. लेखकाला नियम मोडण्याचे स्वातंत्र्य नको का? जरूर हवे, पण नियम मोडल्याचा अर्थ लागायला आधी नियमाचे वजन जाणवावे लागते. ॲक्सी ओह यांची ‘द गर्ल हू फेल बिनीथ द सी’ (2022) हे त्याचे चांगले उदाहरण. कोरियातल्या मूळ कथेत शिम चोंग ही मुलगी आंधळ्या बापाला दृष्टी मिळावी म्हणून तांदळाच्या मोबदल्यात स्वतःला समुद्राला अर्पण करते. पान्सोरी या कथागायनात ही कथा शतकानुशतके गायली गेली आहे आणि आईबापांवरच्या निष्ठेचा आदर्श मानली गेली आहे. या कादंबरीत समुद्रदेवाला वधू म्हणून शिम चोंगला अर्पण करायचे ठरते, पण शिम चोंगवर प्रेम करणाऱ्या आपल्या भावासाठी मीना नावाची मुलगी तिच्या जागी स्वतः उडी घेते. खाली गेल्यावर ती विचारते की दर वर्षी मुली देऊनही वादळे थांबत का नाहीत. अर्पणाचा नियम लेखिकेने उलटा केला आहे, पण त्याच्याशी झुंजूनच उलटा केला आहे, त्यामुळे पुस्तक कसोटीला उतरते.

दुसरा आक्षेप लेखकाच्या अधिकाराचा आहे. ज्या समाजाची कथा आहे त्या समाजातल्या लेखकालाच ती लिहिण्याचा हक्क आहे, असे अनेक जण मानतात. या म्हणण्यामागे न्याय्य राग आहे, कारण बाहेरच्यांनी आशियाला गूढ आणि रंगीत करून विकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तरीही जन्मदाखला पाहून पुस्तक निवडता येत नाही. बॅरी ह्यूगार्ट हे अमेरिकन. त्यांची ‘ब्रिज ऑफ बर्ड्स’ (1984) कधीच अस्तित्वात नसलेल्या प्राचीन चीनमध्ये घडते हे ते स्वतःच सांगतात. पण आजारी मुलांसाठी औषध शोधायला निघालेल्या शेतकऱ्याची ही कथा हळूहळू गुराखी आणि विणकर कन्या यांच्या ताटातुटीच्या चिनी दंतकथेत मिसळते, आणि त्या दंतकथेतले कोडे सुटल्याशिवाय औषध मिळत नाही. उलट, आज नावारूपाला आलेले अनेक आशियाई वंशाचे लेखक अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहून इंग्रजीत लिहितात, आणि त्यांच्या पुस्तकांवरही तिथल्या बाजाराचा दाब असतो. लेखकाचे मूळ पाहावे, त्याने संदर्भ कळतो. पण निकाल पुस्तकातल्या कामावरच द्यावा. आणि घरातूनच आलेला आवाज ऐकायचा असेल तर अनुवादांकडे वळावे.

तिसरी शंका इतिहासावर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांची. आर. एफ. क्वांग यांची ‘द पॉपी वॉर’ (2018) चीन-जपान युद्धावर आणि 1937 च्या नानजिंग हत्याकांडावर बेतलेली आहे. शेली पार्कर-चान यांची ‘शी हू बिकेम द सन’ (2021) चौदाव्या शतकात मिंग घराण्याची स्थापना करणाऱ्या शेतकरीपुत्राच्या चरित्रावरून सुचली आहे, फक्त तो पुत्र इथे मुलगी आहे. यांत लोककथा कुठे आहे? ती राज्य आणि युद्ध यांविषयीच्या श्रद्धांत आहे. राज्य करण्याचा अधिकार स्वर्ग देतो आणि काढूनही घेतो ही चिनी राजकारणातली हजारो वर्षांची धारणा पार्कर-चान यांच्या कथेचे इंजिन आहे. भावाच्या वाट्याला आलेले थोर भवितव्य तो मेल्यावर त्याचे नाव घेऊन बहीण बळकावते, आणि आपण तोतया आहोत हे स्वर्गाला कळेल या भीतीत जगते. क्वांग यांच्या जगात देवाला अंगात बोलावता येते, पण किंमत म्हणून बुद्धी गमवावी लागते, आणि सूड हवा असलेली अनाथ मुलगी ती किंमत मोजायला तयार होते. दोन्ही पुस्तके कसोटीला उतरतात. ‘द पॉपी वॉर’मधली हिंसा मात्र इतिहासाइतकीच भीषण आहे, म्हणून ती शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.

शेवटचा आक्षेप आपल्याच घरातला आहे: अद्भुत हे मुलांसाठी, मोठ्यांनी वास्तववादी कादंबरी वाचावी. या समजुतीला मराठीत इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी मराठी वाचक घडवला. नंतर हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहून कादंबरीला घरातल्या दुःखांकडे वळवले. ते वळण आवश्यक होते आणि त्याचे ऋण मोठे आहे. पण त्यानंतर अद्भुत म्हणजे पळवाट असे समीकरण रूढ झाले, आणि ते इथे उल्लेखलेल्या पुस्तकांना लागू पडत नाही. ली लानच्या परलोकात कर्ज आणि वर्ग आहेत, बाल्साच्या राज्यात जेत्यांनी पुसलेला इतिहास आहे, जेसच्या देवीमागे जमिनीचा व्यवहार आहे. हुंडा, वारसा, जमीन आणि जात यांचा हिशेब माणूस मेल्यावरही चालू राहतो हे आपल्या भुताखेतांच्या गोष्टींना केव्हापासून ठाऊक आहे. अवगत, मुंज्या, हडळ यांच्या मागे कुणाचे लग्न राहिलेले असते, कुणी बाळंतपणात गेलेली असते, कुणाचे देणे बुडवलेले असते. वास्तवाने ज्यांना न्याय दिला नाही त्यांची तक्रार लोककथेने नोंदवून ठेवली, आणि चांगली फँटसी ती तक्रार पुन्हा दाखल करून घेते.

भारतीय उपखंडातली परंपराही या यादीत हवीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने काढलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या प्रचंड उर्दू दास्तानचा पहिला भाग मुशर्रफ अली फारुकी यांनी 2009 साली इंग्रजीत आणला. मायावी प्रदेश अमुक माणसाच्याच हातून फुटणार हा त्यातला कायदा आणि वेषांतर करून जादूगारांना फसवणारे अय्यार यांची मजा मोठ्या माणसांसाठीच आहे. इंद्रप्रमित दास यांची ‘द डिव्हावरर्स’ (2015) कोलकात्यातून मोगल काळात जाते आणि माणसे खाणाऱ्या रूपांतरी जमातीच्या नियमांतून हिंसा आणि प्रेम यांचा विचार करते. ती कठोर आहे, पण विसरता येत नाही.

वाचनाचा क्रम सुचवायचा तर आधी ‘मंकी’, मग ‘मोरिबितो’ आणि ‘द घोस्ट ब्राइड’, त्यानंतर न्गी व्हो यांच्या छोट्या कादंबऱ्या आणि ‘ब्लॅक वॉटर सिस्टर’. यातून कायद्यांची सवय झाली की ‘शी हू बिकेम द सन’ आणि ‘होशरुबा’सारखी मोठी पुस्तके जड जाणार नाहीत. या यादीत पुढे भर पडत राहील, पडायलाही हवी. नवे पुस्तक हाती आले की त्यातल्या अद्भुताला कोणता नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला काय भोगावे लागते हे पहिल्या पन्नास पानांत शोधावे. सापडले तर पुस्तक विकत घ्यावे. आणि मराठीत लिहू पाहणाऱ्यांनी यातून आणखी एक गोष्ट उचलावी. आपल्या वेताळाच्या, राखणदाराच्या, सात आसरांच्या कथांत असे कायदे भरपूर आहेत, आणि मलाक्का-पेनांगवर लिहिणाऱ्या लेखिकांनी आपल्या आज्यांच्या समजुतींतून जे उभे केले ते करण्यासाठी लागणारे साहित्य आपल्याकडे तयार आहे. मोठ्या माणसांसाठी ते गंभीरपणे वापरणाऱ्या कादंबऱ्या मराठीत अधिक लिहिल्या जायला हव्यात.